पाट्या बसतील

मोकळी जागा दिसली की काकाजी चष्मा काढायचे. शर्टाच्या टोकाने काचा पुसून तो पुन्हा नाकावर चढवायचे आणि लांब लांब ढांगा टाकत ती जागा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून यायचे. परत आले की निकाल चेहऱ्यावरच असायचा. "बसतील. पाट्या बसतील." नाहीतर मान हलवून, "नाही बसत जी. थोडक्यात हुकली."

लग्नाचं लॉन असो, बँकेच्या मागचं आवार असो की पुलाखालची पडीक जमीन, त्यांना सगळीकडे आट्यापाट्यांचं मैदानच दिसे. एका लग्नात ऐन वरमालेच्या वेळी ते फोटोवाला आणि नवरदेव यांच्या मधून ढांगा मोजत गेले. त्या अल्बममध्ये एका फोटोत नवरी आहे, हार आहे आणि नवरदेवाच्या जागी काकाजींची पाठ आहे. मराठी मंडळातल्या एका वयोवृद्ध सभासदांना पोचवायला मंडळी गेली होती, तेव्हाही स्मशानाच्या मोकळ्या बाजूला ते हळूच एक चक्कर मारून आले म्हणतात. मी तिथे नव्हते, पण सांगणारा पदरचं घालणाऱ्यातला नाही.

तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. एकाच गोष्टीने झपाटलेला, समोरून येताना दिसला की आपण घाईत असल्याचं सोंग आणतो, असा. आमच्याकडे ते काकाजी होते.

झाशीच्या सीपरी बाजारात, ऑटो आणि दुचाक्यांच्या कलकलाटात, त्यांचं चष्म्याचं अरुंद दुकान होतं. घराणं इथलं जुनं मराठी. पूर्वज पेशवाईत फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दुकानात हिंदी आणि रागावले की बुंदेली, असा त्यांचा कारभार. मी साताऱ्याची. नोकरीतल्या बदलीने झाशीत आले, दोन-तीन वर्षं काढू म्हणता म्हणता इथेच मुरले. फायलींमधली अक्षरं पुसट व्हायला लागली तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या दुकानाची पायरी चढले.

त्यांनी माझी हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली आणि काचा बदलता बदलता विचारलं, "आपण मराठी वाटता. कुठल्या जी?"

"साताऱ्याची."

काचा बदलणारा हात थांबला. "मग आपण आट्यापाट्या खेळून चुकल्या असाल?"

हनुवटी पट्टीवर टेकलेली असताना माणसाला खोटं बोलता येत नाही. "शाळेत होते संघात," मी म्हटलं.

झालं. पुढचा अर्धा तास गिऱ्हाईकं ताटकळली आणि मला आग्रहाने चहा पाजण्यात आला. त्या आनंदात काकाजींनी माझ्या उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याला लावला आणि डाव्याचा उजव्याला. नवा चष्मा घालून मी ऑफिसचा जिना भिंतीला धरून चढले. तणतणत दुकानात गेले, तर हे म्हणतात, "चूक माझी जी, बिल्कुल माझी. काचा बदलून देतो. पण हे सांगा, आपण सूर होत्या की पाटीवर?" यावर माणसाने रागवायचं तरी कसं?

ज्यांना हा खेळ माहीत नाही, त्यांना ते काउंटरवर मांडून दाखवत. चष्म्याची नऊ घरं ओळीने आडवी ठेवली की त्या नऊ पाट्या. मधून उभी मोजपट्टी ठेवली की ती सूरपाटी. प्रत्येक पाटीवर एक धरणारा. त्याने पाटी सोडायची नाही, आडवं धावून आडवायचं. पहिल्या पाटीवरचा तो सूर, सगळ्यांत चपळ; त्याला सूरपाटीवरही धावता येतं. पलीकडच्या नऊ जणांनी या सगळ्यांना चुकवत शेवटची पाटी ओलांडायची. इथवर सांगून झालं की काकाजी बोट वर करत. "पोचले म्हणजे जिंकले, असं नाही जी. जाणं कोणालाही येतं. तसंच सगळ्यांना चुकवून जिथून निघालो तिथे परत यायचं. परत आला, तर लोण."

लोण म्हणताना ते टेबलावर थाप मारत आणि चष्म्याची घरं उडत.

ते हा खेळ पोरांना शिकवायच्या मागे का लागले होते, याची दोन कारणं होती. एक ते सर्वांना सांगत. दुकानात येणारी मुलं दरवर्षी लहान होत चालली होती आणि त्यांचे नंबर मोठे. "दोष मोबाइलचा म्हणतात सगळे. अहो, पण मोबाइल खाली ठेवला तर पोराने बघायचं काय? समोर भिंत, तिच्यापुढे गाडी. लांबचं बघायला काही आहेच कुठे यांच्याकडे?" आट्यापाट्यांत खेळाडूला शेवटच्या पाटीपर्यंत नजर ठेवावी लागते, म्हणजे डोळ्यांचा व्यायाम, असं त्यांचं शास्त्र होतं. ते कितपत खरं, मला माहीत नाही. डोळे तपासणाऱ्याने सांगितलं की लोक मान डोलावतात.

दुसरं कारण त्यांनी मला एकदा दुपारी, दुकान रिकामं असताना सांगितलं. त्यांच्या लहानपणी मराठी घरांतली मंडळी थंडीत आट्यापाट्या खेळत. त्यांचे वडील, काका, शेजारची बुंदेली पोरं, सगळे मिळून नवाला नव सहज भरत. काकाजी तेव्हा सगळ्यांत लहान. म्हणून ते लिंबूटिंबू. लिंबूटिंबूला खेळू देतात, पण तो धरला गेला काय आणि सुटला काय, मोजत नाहीत. त्याला वाईट वाटू नये म्हणून सगळे त्याच्यामागे खोटं खोटं धावतात. "मला ते कळायचं जी. रडू यायचं. वडील म्हणायचे, थांब, मोठा हो, मग सूर करू तुला."

काकाजी मोठे झाले तोवर कोणी भोपाळला गेलं, कोणी पुण्याला, कोणी वर गेलं. पुन्हा नवाला नव कधी जमले नाहीत.

"पासष्टी उलटली ताईजी. पण खेळाच्या हिशेबाने मी अजून लिंबूटिंबूच आहे."

असं म्हणून ते हसले. मला मात्र हसू आलं नाही. या माणसाला जन्मात एकदा, पूर्ण संघात, मोजला जाणारा खेळाडू म्हणून उभं राहायचं होतं. एवढंच हवं होतं त्यांना.

दर रविवारी सकाळी लक्ष्मी तालाच्या काठाला, पाणी हटून कोरड्या पडलेल्या जमिनीवर ते मैदान आखत. दूधपावडरच्या जुन्या डब्याच्या बुडाला भोकं पाडून त्यात फक्की भरलेली. डबा हलवत ते मागे मागे सरकत जात आणि पांढऱ्या पाट्या उमटत. काम मोठं देखणं करत. तेवढं आखून झालं की कमरेवर हात ठेवून विचारत, "किती झाले?"

म्हणजे किती माणसं झाली. मी मोजून सांगायची. कधी पाच, कधी सात. एकदा अकरा झाले होते, तेव्हा त्यांनी सगळ्यांना जिलबी खिलवली.

बघायला येणारे मात्र पुष्कळ. पहिल्याच रविवारी एक पागोटंवाले गृहस्थ सायकलवरून उतरले, पांढऱ्या रेघा निरखून म्हणाले, "कक्का जू, इते प्लाट कट रये का?" आमच्याकडे मोकळ्या जमिनीवर चुन्याची रेघ दिसली की प्लॉट पडतायत, एवढंच लोकांना ठाऊक. मागून आणखी दोघं स्कूटरवरून आले. त्यांना कोपऱ्याचा हवा होता. काकाजींनी त्यांना नवही पाट्या समजावून सांगितल्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रजिस्ट्री कब से खुलेगी?"

त्यानंतर दर रविवारी खेळाडूंपेक्षा प्लॉटवाले जास्त. मी म्हटलं, यांनाच धरून उभं करा, नऊ होतील. काकाजींना ते पटलं नाही. खेळाच्या बाबतीत त्यांना थट्टा चालत नसे.

आणि आता त्यांचा दोषही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई माणसाची आरती ओवाळतेय. माणूस भयंकर हट्टी. पोरं खेळायला लागली, जरा रंगात आली, की हे मधेच ओरडत, "रुको! पाय बाहेर गेला." मग पाय आत कसा हवा, यावर प्रवचन. पोरं दोन वेळा ऐकून घेत, तिसऱ्या वेळी शूज झटकून क्रिकेटकडे पळत. मी कितीदा सांगितलं, "काकाजी, पाच-पाच जणांत खेळू. पाच पाट्या आखा. पोरांना गोडी तरी लागेल." तर म्हणत, "मग ती आट्यापाट्या नाही जी. मग ते काहीतरी दुसरं." शाळांमध्येही तेच. एका शाळेने त्यांना पारंपरिक खेळांच्या दिवशी बोलावलं. तिथे विटीदांडू, भोवरे, सागरगोटे, लगोरीच्या चिपा असं सगळं टेबलावर छान मांडलेलं आणि पुढे पाटी, "कृपया हाथ न लगाएँ." काकाजींनी भोवरा उचलून त्याला जाळी गुंडाळली, तर मुख्याध्यापिकाबाई धावत आल्या, "सर, अभी चीफ गेस्ट का फोटो बाकी है!" मैदानाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, सिलेबसमध्ये असेल तर बघू. त्यांचंही चुकलं असं नाही. त्यांच्या मैदानात शाळेच्या बसेस उभ्या होत्या.

असं करता करता काही वर्षं गेली. मग आमच्या मंडळाच्या सचिवांना हा विषय भावला.

सचिव मूळचे महाराष्ट्रातले, एका मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनिअर. मनाने उमदे, कामाला वाघ. त्यांच्यात एकच खोड होती, हातात घेतलेली कुठलीही गोष्ट पक्की केल्याशिवाय त्यांना झोप येत नसे. मंडळाच्या गणपतीचा मांडव वाऱ्याने हलतो म्हणून त्यांनी लोखंडी केला होता. तुळशीच्या कुंडीलासुद्धा त्यांनी पाया घेतला होता. त्यांनी काकाजींना सांगितलं, "मंडळाचं आवार लांबट आहे. तुमचं मैदान तिथेच करू. गणेशोत्सवात उद्घाटन. माणसं आणायची जबाबदारी माझी."

काकाजी आवारात ढांगा टाकून आले. बसत होत्या. नवही पाट्या नीट बसत होत्या. त्या दिवशी मला वाटतं ते दुकानाकडे गेले ते पळतच.

गणपती आठवड्यावर आले तेव्हा मोठ नावाच्या जवळच्या गावात त्यांचं नेत्रशिबिर होतं. तिथून आले ते सरळ माझ्याकडे, चेहरा नुसता उजळलेला. शिबिर धान्याच्या मंडीत होतं. दुपारी आवक नव्हती, पल्लेदार म्हणजे आपले हमाल पोत्यांना टेकून बसलेले. काकाजींनी डबा काढला आणि रिकाम्या आवारात पाट्या आखल्या. एक म्हातारा पल्लेदार उठून आला. "अरे, जे तो हमाए गाँव में खेलत ते!" बघता बघता माणसं गोळा झाली. कोणाला काही शिकवावं लागलं नाही.

"किती झाले?" मी विचारलं.

"मला धरून सतरा."

"मग? खेळलात?"

काकाजी चष्मा पुसायला लागले. "एक कमी होता जी. मी म्हटलं, थांबा, एक बघून आणतो. चहावाल्याला राजी केला. येतो तर ट्रॉल्या आलेल्या. सगळे पोती उतरवायला गेले."

मला इतका राग आला की मी हातातली कपबशी आपटली. "एक कमी असता तर आभाळ कोसळलं असतं काय? सतरा माणसं पाट्यांवर उभी होती काकाजी!"

"एक कमी म्हणजे कोणाला तरी दोन पाट्या द्याव्या लागतात. मग ते खोटं खोटं." ते शांतपणे म्हणाले. "खोटं मी पुष्कळ खेळलोय. आता गणपतीत खरंच होईल की. आपलं मैदान आहे आता."

ते मैदान बघायला आम्ही दोघं दुसऱ्या दिवशी मंडळात गेलो. सचिव फाटकातच उभे होते, काकाजींचा चेहरा कसा फुलतो ते बघायला.

आवारात नऊ पाट्या होत्या. मापाला तंतोतंत. फक्त त्या विटेएवढ्या उंच होत्या. विटा, वर सिमेंट आणि त्यावर लाल फरशी. मधून सूरपाटी, तशीच उंच, तिला पिवळी किनार. सचिव म्हणाले, "तुमची फक्की पावसाने धुऊन जाते ना दर वेळी? म्हटलं, एकदाच करू. आता पन्नास वर्षं बघायला नको."

मी काकाजींकडे पाहिलं. पाटी ही जमिनीवरची रेघ असते. धरणारा तिच्यावर मान वर ठेवून, समोरच्याच्या डोळ्यांत बघत बाणासारखा धावतो. खेळणारा उडी न मारता निसटतो. विटेच्या बांधावर कोण धावणार आणि बांध कोण चुकवणार? हे सांगायला काकाजींनी तोंड उघडलं. मग त्यांनी सचिवांच्या मळलेल्या पायजम्याकडे पाहिलं. त्यांनी स्वतः सुट्टी टाकून उन्हात उभं राहून हे करवून घेतलं होतं.

"सुंदर झालं," काकाजी म्हणाले. "फार मेहनत घेतली आपण."

आपल्या लोकांचा हा भिडस्तपणा कधीकधी घात करतो. पाच पोरांसमोर पायाची बोटं बाहेर गेली म्हणून खेळ थांबवणारा माणूस, पण कोणी मोठ्या मनाने केलेल्या कामाला तोंडावर नाव ठेवणं त्याच्या घरच्या वळणात बसत नव्हतं. परतताना मी म्हटलं, मी सांगते त्यांना. तर माझा हात धरून म्हणाले, "नको ताईजी. अठरा आणतायत ते. अठरा आले की कसंही करून खेळू."

आणि खरोखर अठरा आले. सचिवांनी शब्द पाळला. बँकेतले, कारखान्यातले, कॉलेजातल्या दोन मुली, मी आणि स्वतः सचिव. उद्घाटनानंतर महाप्रसाद होता, त्यामुळे कोणी लवकर घरी जायचा प्रश्नच नव्हता. सगळ्यांना एकसारखे टी-शर्ट. काकाजींनी शर्टाच्या वरून टी-शर्ट चढवला होता. ते पुन्हा पुन्हा फाटकाकडे जात, परत येत आणि मला विचारत, "किती झाले?" मी अठरा म्हटलं, तरी त्यांनी बोट दाखवत स्वतः मोजले. मग म्हणाले, "खरंच की जी."

नारळ फुटला. आमच्या बाजूचे नऊ जण पाट्यांवर चढलो. होय, चढलोच. काकाजी सूर म्हणून पहिल्या पाटीवर, सूरपाटीच्या तोंडाशी उभे राहिले, सगळ्यांच्या पुढे, तोंड खेळणाऱ्यांकडे. माझी पाटी त्यांच्या मागचीच. ते वळून माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आज मोजतील जी."

शिट्टी झाली. समोरून पहिले निघाले ते सचिव. पहिल्या पाटीपाशी येऊन त्यांनी मोठ्या ऐटीत हुलकावणी दिली आणि काकाजींकडे बघत, त्यांना चुकवायला म्हणून बाजूला सरकले. पाय आपल्याच बांधाला अडला. पडले ते हातावर. मनगटाचा आवाज मला माझ्या पाटीवर ऐकू आला.

काकाजींचा हात पुढे झालेला होता. सचिवांना धरायला अजून वीतभर बाकी होती.

पुढचं सगळं तुम्हाला कळलंच असेल. गाडी, दवाखाना, बर्फ. काही जण दवाखान्यात, बाकीचे महाप्रसादाला. काकाजी बराच वेळ सूरपाटीवरच उभे होते. मी हाक मारली तेव्हा सावकाश खाली उतरले.

मंडळाची बैठक झाली. बांधाबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. प्लास्टर गळ्यात अडकवलेल्या माणसासमोर कोण काढणार? सचिवच म्हणाले, "जुने खेळ हे फार धोक्याचे आहेत. पूर्वीच्या लोकांची शरीरं वेगळी होती." एकमताने ठरलं की यापुढे आवारात आट्यापाट्या नको. मी भांडायला उठले, तर काकाजींनी नजरेनेच बसवलं. बैठक संपल्यावर मला म्हणाले, "पडायला नको होते ते. राहिलोच जी मी लिंबूटिंबू."

पक्कं काम वाया जात नाही म्हणतात. दिवाळीच्या सुमाराला कोणाच्या तरी ध्यानात आलं की दोन पाट्यांच्या मधल्या जागेत स्कूटरची एक रांग बसते आणि काढायला वाटही राहते. जणू त्याच मापाने केलेलं. तेव्हापासून मंडळाचं पार्किंग इतकं शिस्तीत असतं की बघत राहावं. पुण्याहून आलेले एक पाहुणे म्हणाले, असं नियोजन आमच्याकडे नाही.

काकाजींनी रविवारचं लक्ष्मी तालावर जाणं सोडलं. गुडघे दुखतात म्हणत. दुकानात मुलं यायची, ते नंबर काढून द्यायचे. काउंटरवर चष्म्याची घरं आता ढीग करून पडलेली असायची. त्यांच्या घरच्या काकू आधीच वारल्या होत्या. मुलगा पुण्यात. तो दर फोनवर म्हणायचा, पापा, इथे या. अखेर दुकान देऊन टाकलं. स्टेशनवर सोडायला मी गेले होते. डबा पिशवीतून काढून माझ्याकडे देत म्हणाले, "हा ठेवा. दोन महिन्यांत येतो. गाडीत फक्की सांडेल."

दोन महिन्यांचे सहा झाले आणि सहाचं वर्ष. मी फोन करायची. मुलाच्या सोसायटीत बारा मजले होते आणि खाली सगळं पार्किंग. "मोजून बघितलं का?" मी एकदा चेष्टेने विचारलं.

"बघितलं. नाही बसत."

"आणि तिकडे कोणी खेळतं का? खेळाचं माहेरच की ते."

"खालच्या पोरांना विचारलं मी. त्यांनी नावही ऐकलं नाही जी. एक म्हणाला, आजोबा, ॲप आहे का त्याचं?"

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला काहीतरी बरं बोलावंसं वाटलं. मी म्हटलं, "काकाजी, असं बघा. तुमचे पूर्वज तिकडूनच निघाले होते ना? एवढ्या पिढ्या झाशीत काढल्या आणि आता तुम्ही परत पोचलात. म्हणजे तुमच्या घराण्याचं लोणच झालं की."

 

"ताईजी, आपण तर खेळलेल्या आहात," ते म्हणाले. "जिथून निघालो तिथे परत आलो, तर लोण. मी झाशीहून निघालो जी."

ते आले नाहीत. थंडीत मुलाचा फोन आला. त्याला मराठी कळतं, पण बोलताना हिंदीत शिरतो. म्हणाला, शेवटचे दोन दिवस शुद्ध यायची आणि जायची. "आंटीजी, एक बात पूछनी थी. पापा बार-बार पूछ रहे थे, किती झाले, किती झाले. हम समझे, कितने बजे. टाइम बताते रहे. वो मना करते रहे. आपको कुछ पता है?"

मला माहीत होतं. पण त्या पोराला फोनवर काय सांगणार? मी म्हटलं, "अठरा सांगायला हवं होतं बाळा."

मंडळात शोकसभा ठेवली. सचिवांनी मन लावून तयारी केली, फोटोला हार, उदबत्ती, सगळं. ते बोलताना दोनदा थांबले, त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, हे मला कबूल केलं पाहिजे. चष्मे केलेले लोक आले होते, जुनी मराठी घरं आली होती, सीपरी बाजारातले दुकानदार आले होते. खुर्च्या कमी पडल्या. मागे उभी राहून मी सवयीने मोजायला लागले. नवाला नव कधीच झाले होते. दोन्ही बाजू भरून वर तेवढेच उरत होते. सगळे वेळेवर आलेले, आणि दोन मिनिटं कोणी जागेवरून हललंसुद्धा नाही.

मग एकेक जण बाहेर पडला. आवारात गर्दी झाली. माझी स्कूटर पहिल्या पाटीपाशी होती आणि त्या दिवशी वाटेतही गाड्या लागल्याने पुढच्यांनी काढल्याशिवाय निघत नव्हती, म्हणून मी सूरपाटीच्या बांधावर बसून राहिले. लोक पाट्यांमधून आपापल्या गाड्या काढत होते, एकमेकांना जपून, हळू हळू म्हणत फाटकातून बाहेर जात होते. शेवटी आवारात माझी एकटीची स्कूटर राहिली.